जेक्वेरीचें प्लगइन लिहितांना

संगणकाच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस जेक्वेरी हें नांव नवें नाहीं. परंतु पालकांसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. वेबपानांत हालचाल घडविणारी जी जावास्क्रिप्ट भाषा, तिच्यांत वारंवार लागणारीं कामें आयतीं करून ठेवलेला हा एक संग्रह होय. जॉन रेसिग यांनीं तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. आज नव्या कामास पुष्कळ लोक तो घेत नाहींत, हें खरें. तथापि असंख्य जुन्या पानांत तो अजून राबत आहे, आणि दुसऱ्याच्या रचनेंत आपली भर कशी घालावी हें शिकण्यास इतकें सोपें साधन आम्हांस दुसरें दिसत नाहीं. अशा भरीस प्लगइन म्हणतात.

जेक्वेरीनें पानावरील घटक निवडून दिले, कीं त्या निवडीस कांहीं क्रिया अवगत असतात: लपविणें, दाखविणें, रंग बदलणें. या क्रिया ‘एफएन’ नांवाच्या एका वस्तूंत राहतात. तींत आपण नवें फंक्शन ठेविलें, कीं प्रत्येक निवडीस तीही क्रिया येऊं लागते.

आमचें पहिलें प्लगइन शब्द मोजण्याचें. निबंधाच्या चौकटीखालीं लिहितां लिहितां शब्दांचा आंकडा दिसावा, एवढाच हेतु. एका चौकटीवर तें उत्तम चाललें. पानावर दोन चौकटी ठेवतांच मात्र दोहोंखालीं एकच आंकडा! दुसरींत कितीही लिहा, मोजणी पहिलीचीच. आम्ही तासभर मोजण्याच्या ओळींत दोष शोधीत बसलों; दोष तेथें नव्हताच. फंक्शनच्या आंत ‘धिस’ म्हणजे एक चौकट असें आम्हीं धरलें होतें. वस्तुतः तेथें ‘धिस’ म्हणजे संपूर्ण निवड, आणि तीस ‘व्हॅल’ या क्रियेनें मजकूर विचारल्यास ती केवळ पहिल्या घटकाचा देते. उपाय ‘ईच’ हा होय. त्यानें प्रत्येक चौकट निराळी हातीं येते, व त्याच्या आंत ‘धिस’ म्हणजे ती एकच चौकट. (दोन ओळींच्या अंतरानें एका शब्दाचे दोन अर्थ, व्याकरणाच्या गुरुजींस हें खपणार नाहीं.)

दुसऱ्या चुकीची आम्हांस अजून लाज वाटते. जेक्वेरींत क्रिया साखळीनें लिहितात: चौकट निवडा, मोजणी लावा, मग रंग द्या. आमचें फंक्शन काम करून रिकाम्या हातानें परत येई. त्यामुळें पुढील दुवा तुटे. तो रंगाचा दुवा आमच्या एका सोबत्यानें लिहिला होता. बिचाऱ्यानें चूक आपलीच समजून दोन दिवस स्वतःचें निर्दोष लिखाण तपासलें. फंक्शनच्या शेवटीं ‘रिटर्न धिस’ एवढेंच लिहावयाचें राहिलें होतें.

डॉलरचें चिन्ह प्रोटोटाइप नांवाचा दुसरा संग्रहही वापरतो. म्हणून आपलें लिखाण एका वेष्टक फंक्शनांत ठेवावें, त्यास जेक्वेरी हें पूर्ण नांव द्यावें, व आंतच डॉलर म्हणावें.

शब्दांची मर्यादा आम्हीं प्रथम १०० अशी कोरून ठेविली होती. पण एका वर्गास ५० हवी, दुसऱ्यास २५०. अशा वेळीं ठराविक मूल्यें एके ठिकाणीं ठेवून, वापरणारानें दिलेलीं मूल्यें ‘एक्स्टेंड’नें त्यांवर बसवितात. त्यांत पहिली जागा एका रिकाम्या वस्तूस द्यावी. ती न दिल्यास, आणि ठराविक मूल्यें फंक्शनच्या बाहेर असल्यास, एका चौकटीसाठीं मागितलेली ५० ची मर्यादा पुढें कांहींच न मागणाऱ्या चौकटीसही चिकटते.