तरंगत्या पवनचक्कीचें गणित

आपला वाशीम जिल्हा समुद्रापासून दूर. तथापि समुद्रावरील एका नवलाचें तत्त्व घरच्या हौदांतही पाहतां येतें. रिकामी बाटली पाण्यावर आडवी पडते. तिच्या बुडाशीं वाळू भरली म्हणजे तीच उभी तरंगते. याच तत्त्वावर स्कॉटलंडांतील पीटरहेड गांवासमोरच्या समुद्रांत २०१७ सालीं प्रत्येकीं ६ मेगावॉट शक्तीच्या पांच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्राची खोली सुमारें ६० मीटरांहून अधिक असल्यास तळावर पाया घालणें फार खर्चाचें होतें. म्हणून चक्की तरंगती ठेवून सांखळ्यांनीं तळाशीं बांधितात.

अशी चक्की वादळांत टिकेल कीं नाहीं, हें आधीं कसें समजावें? विल्यम फ्रूड यांनीं १८७२ च्या सुमारास इंग्लंडांत पाण्याच्या टांकींत जहाजांच्या लहान प्रतिकृति ओढून पाहिल्या. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासला येथील, १९१६ सालीं स्थापन झालेल्या जल व विद्युत् संशोधन केंद्रांतही बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून परीक्षा करितात. परंतु प्रतिकृति पन्नासपट लहान केली, तर लाटांचा काळ सुमारें सातपट कमी करावा लागतो. आणि लहान पात्यांवरून वाहणारा वारा त्या नियमानें वागत नाहीं. ही उणीव संगणक भरून काढितो.

संगणक काळाचे अतिसूक्ष्म भाग पाडितो. प्रत्येक क्षणीं वारा, लाटा व सांखळ्या यांची ओढ मोजून चक्की किती हलली तें काढितो, व त्या नव्या स्थितीवरून पुढील क्षणाचें गणित मांडितो. वारा व लाटा यांचें गणित निरनिराळें केल्यास मोठा धोका नजरेआड होतो. जोराच्या वाऱ्यांत चक्की पुढें झुकली कीं पात्यांस वारा अधिक लागतो. वेग आटोक्यांत ठेवण्यासाठीं यंत्र पातीं वळवितें. त्यामुळें वाऱ्याचा रेटा कमी होतो व चक्की आणखी पुढें झुकते. अशा रीतीनें झोका थांबण्याऐवजीं वाढत जातो! उपाय एवढाच कीं, पातीं वळविण्याची क्रिया त्या झोक्याहून मंद ठेवावी.

या सर्व गणिताच्या मुळाशीं न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियमच आहे, जो आपल्या शालेय पुस्तकांत आहे. मात्र संगणकाचें उत्तर टांकींतील प्रयोगाशीं व प्रत्यक्ष समुद्राशीं ताडून पाहिल्यावांचून शहाणे लोक त्यावर विसंबत नाहींत. गणित करून झाल्यावर ताळा पाहण्याची आपली संवय तरी याहून निराळी काय आहे?