वर्गणी आणि वही



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस काही कमी पडत नाही. आषाढ-श्रावणात पऱ्ये दुथडी भरून वाहतात. तरी चैत्र-वैशाखात कितीतरी वाड्यांतल्या बायाबापड्या डोक्यावर हंडा घेऊन लांब जातात. असे का होते? जमीन उताराची आहे. वर कातळ आहे. पाणी थांबत नाही, धावत समुद्राला मिळते. ते अडवायला बांध लागतो.

पैशाचेही तसेच आहे. घरातून दहा-वीस रुपये रोज इकडेतिकडे निघून जातात. पण वाडीतल्या साऱ्या घरांचे थोडे थोडे रुपये एका जागी अडवले, तर त्यातून विहिरीचा गाळ निघतो, साकव दुरुस्त होतो, शाळेचे छप्पर शाकारले जाते. पैसा अडवणारा हा बांध म्हणजे गावाचे मंडळ.

मात्र बांधाला भोक पडले, की पाणी राहत नाही. मंडळाला भोक कोठे पडते? हिशेबात. ते भोक कसे बुजवावे, हेच आम्हांला या धड्यात सांगायचे आहे. आधी थोडे आपल्या जिल्ह्यातल्या एका थोर माणसाविषयी वाचू.

मुरुडचे कर्वे

दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरुड गाव आहे. धोंडो केशव कर्वे हे या गावात वाढले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. घरची गरिबी होती. एका परीक्षेसाठी ते मुरुडहून डोंगर ओलांडून पायी साताऱ्यास गेले. तेथे साहेब म्हणाले, "मुलगा वयाने लहान दिसतो." परीक्षेस बसू दिले नाही. पोर तसेच परत आले. पण शिक्षण सोडले नाही. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

माणूस शिकला, शहरात गेला, की गाव विसरतो. कर्वे विसरले नाहीत. गावाच्या हितासाठी त्यांनी तरुणपणीच 'मुरुड फंड' उभा केला. बाहेर नोकरीधंदा करणाऱ्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावासाठी बाजूला काढावा, अशी ती कल्पना. एकाच धनिकाने मोठी थैली द्यावी आणि बाकीच्यांनी हात जोडावेत, असे नाही. थोडे थोडे, पण पुष्कळांनी द्यायचे.

१८९३ साली कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केले. त्या काळी हे मोठे धाडस होते. गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी त्यांनी मनात अढी धरली नाही. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यासाठी ते गावोगाव फिरले, लहानमोठी देणगी घेतली. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी 'महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ' स्थापन केले. या वयात माणूस ओटीवर बसून राहतो. हे गृहस्थ खेड्यांतल्या मुलांसाठी वर्गणी मागत होते! १९५८ साली सरकारने त्यांना 'भारतरत्न' दिले. १९६२ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०४ वर्षांचे होते.

चाकरमान्यांची मंडळे

कर्व्यांनी जे केले, तेच पुढे हजारो साध्या माणसांनी आपापल्या परीने केले. रत्नागिरी जिल्ह्यातले तरुण पोटासाठी मुंबईस गेले. गिरणीत लागले, गोदीत लागले. एका गावचे दहा-वीस जण एका खोलीत राहत. पाळीपाळीने कामावर जात, पाळीपाळीने झोपत. घरी मनीऑर्डर धाडत. या मनीऑर्डरीवर कोकणातली कितीतरी घरे चालत.

अशा खोल्यांतच गावाची मंडळे जन्मास आली. दर महिन्याला सभा भरे. प्रत्येक जण ठरलेली वर्गणी टाकी. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मयत झाली, की मंडळ धावून जाई. उरलेला पैसा गावी जाई. त्यातून कोठे शाळेची खोली झाली, कोठे देवळाचा जीर्णोद्धार झाला, कोठे पाखाडी बांधली गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. कित्येकांची रोजी गेली. तरी मंडळे पुष्कळ ठिकाणी टिकली. आजही बऱ्याच गावांना एक मुंबई मंडळ असते आणि एक गावातले मंडळ असते. गणपतीला नाही तर शिमग्याला चाकरमानी घरी येतात, तेव्हा दोघांची सभा भरते.

सभेत कधी कधी वादही होतो. मुंबईकर म्हणतात, "पैसा आमचा, ठरवणार आम्ही." गावकरी म्हणतात, "पावसापाण्यात राबतो आम्ही. आम्हांला कोण विचारतो?" आणि जी बाई रोज पाणी भरते, ती दाराआड उभी राहून ऐकते. तिला तर कोणीच विचारत नाही. खरे पाहता विहीर कोठे आटते, कोणत्या महिन्यात आटते, हे तिच्याइतके कोणास ठाऊक? म्हणून सभेत तिघांचेही म्हणणे ऐकावे. पैसे देणारा, राबणारा आणि ज्याची अडचण आहे तो, हे तिघेही मंडळाचे धनी आहेत.

जगातली सेवामंडळे

अशी मंडळे जगभर आहेत. अमेरिकेत शिकागो शहरी १९०५ साली रोटरी क्लब निघाला. १९१७ साली लायन्स क्लब निघाला. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक एकत्र येतात. स्वतः वर्गणी देतात, लोकांकडून निधी गोळा करतात आणि सेवेची कामे करतात. आपल्याकडे रत्नागिरी, चिपळूण, खेड येथेही असे क्लब आहेत. लायन्स क्लबांनी डोळ्यांच्या रोग्यांची सेवा विशेष केली आहे. रोटरीने १९८५ सालापासून पोलिओ हटवण्याचे काम हाती घेतले. सरकार, आरोग्यसेविका आणि असे स्वयंसेवक यांनी मिळून घरोघर मुलांना डोस पाजले. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

संकटातही अशा लोकांचा उपयोग होतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचा पूर चिपळुणात शिरला. घरांत, दुकानांत चिखल भरला. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकेही भिजली. तेव्हा गावोगावची मंडळे पाणी, धान्य, कपडे घेऊन आली. कित्येक तरुणांनी हाती फावडे घेऊन चिखल उपसला. पैसा पाहिजेच, पण अंगमेहनतीचे मोलही तितकेच आहे.

हिशेब असा लिहावा

आता आपल्या वाडीकडे येऊ. समजा, वाडीत ४० घरे आहेत. दर घर महिन्याला २० रुपये देते. वाडीतले १५ जण मुंबईत आहेत. ते प्रत्येकी महिन्याला ५० रुपये देतात. पऱ्यावरच्या साकवाला कठडा नाही. पावसात पोरे शाळेत जाताना आयांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून कठडा करायचे ठरले. वर्षअखेर वहीत असे लिहावे :

जमा
घरांची वर्गणी : ९,६०० रुपये
मुंबईकरांची वर्गणी : ९,००० रुपये
एकूण जमा : १८,६०० रुपये

खर्च
लोखंडी पाइप व सामान : ९,४०० रुपये
वेल्डिंगची मजुरी : ३,२०० रुपये
टेम्पोचे भाडे : १,२०० रुपये
पावतीपुस्तक व वह्या : ३०० रुपये
एकूण खर्च : १४,१०० रुपये

शिल्लक : ४,५०० रुपये
श्रमदान : ३२ माणसे, एक दिवस

शेवटची ओळ पाहा. ज्याच्याजवळ रोख पैसा नाही, त्याने घाम गाळला. तोही वहीत लिहावा. म्हणजे गरिबाला सभेत मान खाली घालावी लागत नाही. पावसाळा सरला, की रिकाम्या पोत्यांत माती भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालतात. त्याला पैसा थोडाच लागतो, हात मात्र पुष्कळ लागतात. अशा कामाची नोंद तर जरूर ठेवावी.

आता समजा, सभेत एक बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "खजिनदार भाऊ, टेम्पोचे बाराशे लिहिलेत. पावती कुठे आहे?"

कोणी म्हणेल, "काय वहिनी, आमच्यावर विश्वास नाही होय?"

त्यावर वहिनींनी सांगावे, "विश्वास आहे म्हणून तर वर्गणी दिली. पावती दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षीही देईन."

हे उत्तर लक्षात ठेवा. हिशेब विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. चोख हिशेबाने खजिनदाराचेच रक्षण होते. वही कोरी राहिली, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो. मग घरे वर्गणी बंद करतात आणि चांगले मंडळ मोडते.

पाच नियम

१. वर्गणी घेतली, की लगेच पावती द्यावी.
२. पैसा घरात ठेवू नये. मंडळाच्या नावाने बँकेत खाते काढावे. पैसे काढताना दोघांच्या सह्या लागाव्यात.
३. खर्चाची प्रत्येक पावती वहीला जोडावी.
४. वर्षातून एकदा जमाखर्च सभेत मोठ्याने वाचावा आणि देवळात किंवा शाळेत भिंतीवर लावावा.
५. मंडळाची नोंदणी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय आयुक्तांची कचेरी असते. तेथे रीत समजून घ्यावी. नोंदणी नसेल, तर लोकांकडून निधी गोळा करण्यापूर्वी तेथे विचारावे.

तुमचे काम

पूर्वी तुम्ही सभेत अंगठा उठवत होता. वहीत काय लिहिले आहे, ते दुसरा सांगेल तेच खरे मानावे लागे. आता तुम्हांला अक्षर येते, अंक येतो. भिंतीवर जमाखर्च लागला, तर समोर उभे राहा. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचा. बेरीज करून पाहा. चुकली असेल, तर गोडीने सांगा. बरोबर असेल, तर खजिनदाराला शाबासकी द्या. त्यालाही बरे वाटेल.

कर्व्यांच्या काळी गावात वाचणारी माणसे मोजकीच होती. आज वाडीतल्या प्रत्येक घरी एक तरी वाचणारा आहे. मग बांधाला भोक पडायचे कारण काय?

उत्तरे द्या

१. कर्व्यांनी कोणत्या गावासाठी फंड उभा केला?
२. श्रमदान वहीत का लिहावे?
३. एका वाडीत ३० घरे आहेत. दर घर महिन्याला २५ रुपये देते. वर्षाची वर्गणी किती होईल?
४. तुमच्या वाडीत पहिले काम कोणते व्हायला हवे? घरातल्या बायामाणसांना विचारा आणि चार ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

साकव : पऱ्यावरचा लहान पूल
पाखाडी : दगडी पायऱ्यांची वाट
खजिनदार : मंडळाचा पैसा सांभाळणारा
शिल्लक : खर्च करून उरलेली रक्कम
जीर्णोद्धार : जुन्या देवळाची नव्याने दुरुस्ती