डाग मेलेला की जिवंत? जुनं कॉमिक घेताना कशाचे किती कापायचे

मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल दिसला तर घाबरू नका. मधल्या पिनांभोवती तांबूस कडं दिसलं, तर मात्र भाव पाडा. जुन्या कॉमिकची किंमत ठरवताना डाग किती मोठा, याला फारसा अर्थ नसतो. तो अजून वाढतोय का, हे महत्त्वाचं. चहाचा, शाईचा, वाचनालयाच्या शिक्क्याचा डाग मेलेला असतो. गंज, बुरशी, सेलोटेपचा डिंक आणि आम्लानं खाल्लेला कागद ही जिवंत दुखणी. ती तुमच्या कपाटातही वाढत राहतात.

नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर किंवा महाल भागातल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून निघालेल्या पेटीत अजूनही 'इंद्रजाल' आणि 'अमर चित्र कथा' मिळून जातात. 'इंद्रजाल' मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. त्यामुळे त्यातला सगळ्यात तरुण अंकही आता पस्तिशीचा आहे. 'अमर चित्र कथा' १९६७ची, पण तिची पुनर्मुद्रणं भरपूर. मलपृष्ठावर पुस्तकांची यादी असेल तर ती आधी वाचा. पहिली आवृत्ती म्हणून दाखवलेल्या अंकाच्या यादीत त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेली नावं असतील, तर हातातली प्रत उशिराची आहे. तिला जुन्याचा भाव द्यायचा नाही.

आता हिशेब. समजा, स्वच्छ प्रतीचे ५०० रुपये वाजवी आहेत असं तुम्ही ठरवलं. हा आकडा उदाहरणापुरता. पुढची कपातही बाजाराचा नियम नव्हे, माझा अंदाज आहे.

कडा पिवळ्या असतील तर काहीच कापू नका. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागून तपकिरी होतं आणि हवा कडांनाच आधी लागते. उलट वर्तमानपत्री कागदावरचा साठच्या दशकातला अंक पांढराशुभ्र दिसला तर शंका घ्या. पिवळेपणा आत चित्रांपर्यंत सरकला असेल तर ५०-१०० रुपये कमी करा. मग पान हलकेच वाकवून कान द्या. पापडासारखं कुरकुरलं तर तो अंक वाचायलाही उरणार नाही. १०० रुपयांवर जाऊ नका. कोपरा दुमडून पाहण्याची पद्धत ग्रंथालयवाल्यांची. फुटपाथवर ती केलीत तर तुटलेल्या कोपऱ्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील, आणि ते रास्तच.

गंजलेल्या पिनेचे १०० ते १५०. ओल लागली की गंज कागदात उतरतो, पिनेजवळचा कागद कमकुवत होतो आणि एक दिवस मधलं जोडपान हातात येतं. ते जोडपान जागेवर आहे का, हे तिथेच पाहा. नसेल तर पन्नास रुपयांत वाचायची प्रत म्हणून घ्या, नाहीतर सोडा. सेलोटेपचे निदान २००. टेप गळून पडते, पण पिवळा डिंक कागदात मुरलेला राहतो, तो घरी निघत नाही. लॅमिनेशन केलेली प्रत मी घेतच नाही. अनेक अंक एकत्र बांधलेला गठ्ठा असेल तर बाइंडरनं कडा कापल्यात का ते पाहा. वरच्या ओळीचे संवादाचे फुगे अर्धवट दिसले, तर कापल्या आहेत.

विखुरलेले तांबूस ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे असतात. कोरडे, बिनवासाचे असतील तर ५० कापा. कुबट वास आला आणि पानावर भुरकट लव दिसली तर फुकटही घरात आणू नका. बाकीचे अंक बाधतील. विक्रेता म्हणेल, 'पावसाळ्याचं आहे न भाऊ, उन्हात ठेवा, जाते.' नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ठेवलेला अंक वाळेल खरा, पण कागद आणखी पिवळा होईल आणि लाल-पिवळे रंग उडतील.

आपल्याकडे लोकांच्या लक्षात न येणारा गुन्हेगार कूलर आहे. विदर्भात ओल फक्त जुलै-ऑगस्टची नसते. एप्रिलपासून खोलीत दमट हवेचा झोत सुरू होतो आणि पुस्तकांचं कपाट बहुधा त्याच खोलीत असतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला मोकळं रान. छोटा आर्द्रतामापक ऑनलाइन साधारण ३०० रुपयांत येतो; आधी तो घ्या, कपाट कूलरच्या खोलीतून हलवा, मग बाकी खर्च. पॉलिप्रॉपिलिनच्या शंभर पिशव्या २००-४०० रुपयांत मिळतात. पीव्हीसीचं चकचकीत कव्हर नको, ते चिकटतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग २००-३०० रुपयांचं. त्यातून मुखपृष्ठावर छपाईच्या ठिपक्यांची फुलं दिसली पाहिजेत. नुसती रंगाची पूड दिसली तर ते कव्हर कलर झेरॉक्स.

कसर लागलेली असेल तर अंक पिशवीत घट्ट बंद करून उणे अठराच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी थंड असताना उघडू नका, दव धरतं. खर्च शून्य, घरातल्यांची नाराजी वेगळी.

अमेरिकेतल्या 'सीजीसी'सारख्या संस्था ०.५ ते १० गुण देऊन कॉमिक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. शुल्क, विमा आणि जाण्यायेण्याचं कुरिअर मिळून एका अंकामागे काही हजार सहज जातात. पाचशेच्या 'इंद्रजाल'साठी हे करणं वेडेपणाचं. शिवाय डबी फोडल्याशिवाय तो वाचताही येत नाही.