ट्रॅक्टरचा आवाज ओळखा : क्लचपासून चाकापर्यंत



लागण, खोडवा, खते, पाणी यांविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या खेपेला उसाऐवजी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरविषयी लिहीत आहोत. विषय वेगळा वाटला तरी तो आपल्या उसाच्या वजनाशी आणि भावाशी जोडलेला आहे.

तोडलेला ऊस थांबत नाही. तोडल्यापासून त्यातले पाणी उडू लागते, वजन घटते आणि आतल्या साखरेचे विघटन सुरू होते. म्हणून तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे आम्ही सांगत असतो. भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहिली तर वजनाचा तोटा त्या सभासदाचा होतो. पण शिळ्या उसाने उतारा घटला तर तोटा सर्वांचाच होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती होऊन एफ.आर.पी. आली. ती साखर उताऱ्याशी जोडलेली आहे, हे आपण जाणताच. शिवाय फडात टोळी बसून राहते ती वेगळीच.

ट्रॅक्टर बहुधा एकाएकी मोडत नाही. आठ-पंधरा दिवस आधीपासून तो आवाज करून सांगत असतो. पूर्वी बैलगाडीच्या आखाचा आवाज बदलला की जुनी माणसे गाडी थांबवून वंगणाचे नळकांडे काढीत. आज ड्रायव्हर म्हणतो, "मालक, जरा घरघर येतीय." आणि मालक म्हणतो, "चालतंय तवर चालू द्या, हंगाम निघू द्या." या "चालू द्या" पायी शंभरातले काम हजारात जाते.

आवाज कसला यापेक्षा केव्हा येतो ते पाहा

इंजिनची ताकद चाकापर्यंत एका ओळीने जाते. आधी फ्लायव्हील आणि क्लच, मग गिअर बॉक्स, मग क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल. त्यापुढे बहुतेक ट्रॅक्टरांत बुलगिअर आणि शेवटी एक्सल व चाक. सगळी हौसिंगे एकमेकांना जोडलेली असल्याने आवाज लोखंडातून सगळीकडे पसरतो. मागचा आवाज पुढे आणि पुढचा मागे ऐकू येतो. म्हणून नुसते कान लावून निदान होत नाही.

निदानाची रीत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज गेला, राहिला की बदलला ते पाहायचे. पिवळ्या पडलेल्या उसाला आपण एकदम नत्र, लोह आणि पाणी दिले तर गुण कशाने आला हे कळत नाही. इथेही तसेच.

तपासणीआधी

ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्यावा. ट्रॉली सोडावी, कारण निम्मे आवाज ट्रॉलीचे असतात. झिजलेली हुकाची पिन, ढिला ड्रॉबार, ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग, मडगार्ड, टूल बॉक्स हे सर्व हलवून पाहावे. चाकाचे नट पान्याने आवळून पाहावेत. ट्रॉली सोडल्यावर आवाज गेला तर ट्रॅक्टर उघडण्याचे कारण नाही.

मग तेल पाहावे. ट्रॅक्टर थोडा वेळ उभा राहिल्यावर गजाने पातळी बघावी. तेल कमी असेल तर चांगले गिअरसुद्धा घुंई घुंई करतात. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरले आहे. गिअर लिव्हरचे रबर फाटलेले असताना धुतले, किंवा ओढ्यातून नेले, की असे होते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्टचे तेल एकच असते. तेव्हा लिफ्ट उचलतानाच आवाज येत असेल तर तो हायड्रॉलिक पंपाचा असण्याचा संभव आहे. तो गिअरचा समजू नये.

चालू यंत्राजवळ धोतराचा सोगा, उपरणे, पदर सैल ठेवू नये. पी.टी.ओ. बंद ठेवावा. ब्रेक लावून चाकांना ओंडका द्यावा. पोरांना लांब ठेवावे.

पहिली परीक्षा : उभ्या ट्रॅक्टरवर क्लच

गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू. आता क्लचचे पेडल पूर्ण दाबा, पुन्हा सोडा.

(१) पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअर बॉक्सच्या पहिल्या शाफ्टचे बेअरिंग किंवा सतत जुळलेले गिअर पाहावेत. पेडल दाबले की हा शाफ्ट थांबतो, म्हणून आवाजही थांबतो.

(२) पेडल दाबले की किर्रर्र सुरू होते आणि सोडले की बंद होते, तर रिलीज बेअरिंग गेले. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवण्याची सवय असली की ते लवकर जाते. फडातून ट्रॉली काढताना अर्ध्या क्लचवर झटके देणाऱ्यांची क्लच प्लेटही लवकर जळते.

(३) पेडल पूर्ण दाबून गिअर टाकताना खर्र्र् होते, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलची मोकळी चाल पुस्तिकेत दिली आहे तेवढी आहे का ते मोजावे. चाल जास्त असेल तर क्लच सुटत नाही आणि अजिबात नसेल तर प्लेट घसरते. बऱ्याच वेळा एक नट फिरवून हे काम होते.

मोटारगाडीत दोन गिअरांचा वेग आधी जुळवून मग ते गुंतवणारी सिंक्रोमेशची सोय १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आली. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांत ती नाही. म्हणून ट्रॅक्टर थांबवून, पेडल दाबून दोन-तीन सेकंद दम धरावा आणि मग गिअर टाकावा. मोटारीसारखा पळत्या ट्रॅक्टरवर गिअर घालू पाहणारा ड्रायव्हर दाते खातो.

दुसरी परीक्षा : चालत्या ट्रॅक्टरवर गिअर

रिकामा ट्रॅक्टर गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर हळू चालवावा आणि एकेक गिअर बदलून ऐकावे. एकाच गिअरमध्ये आवाज येतो, तर त्या गिअरची जोडी झिजली आहे. हाय-लो असलेल्या ट्रॅक्टरवर तोच गिअर हायमध्ये आणि लोमध्येही टाकून पाहावा. दोन्हीकडे आवाज आला तर दोष त्या जोडीत. लोमधल्या सर्वच गिअरांत येतो आणि हायमध्ये नाही, तर दोष लोच्या जोडीत. सर्व गिअरांत सारखाच येतो, तर बेअरिंगे, तेल किंवा गिअर बॉक्सच्या मागचा भाग पाहावा.

गिअर आपोआप सुटत असेल तर तो आवाजापेक्षा गंभीर दोष समजावा. लिव्हरची स्प्रिंग-गोळी, फोर्क किंवा दात्यांची कड झिजली की गिअर सुटतो. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग सपाट आहे. पण गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटचे उतार आहेत, जिंतूरकडे डोंगर आहेत आणि कालव्याचे पूल तर सगळीकडेच आहेत. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह उतारावर गिअर सुटला तर इंजिनचा आवर जातो आणि मागचे वजन ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॅक्टरवर तोडणीची माणसेही बसलेली असतात. असा ट्रॅक्टर त्याच दिवशी बंद करावा. एक खेपही करू नये. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे हेही तितकेच वाईट.

तिसरी परीक्षा : ओढ आणि सूट

त्याच रस्त्यावर आधी थोडा ओढ द्यावा, मग रेस सोडून द्यावी. ओढ देतानाच किंवा रेस सोडतानाच हूं असा लांब सूर निघत असेल तर क्राऊन-पिनियनची जोडी अथवा पिनियनचे बेअरिंग पाहावे. निघताना आणि थांबताना एकदाच धड् होत असेल तर कुठेतरी जास्त मोकळीक आहे. आधी हुकाची पिन आणि नट पाहावेत, मग आतली.

चौथी परीक्षा : वळण

मोकळ्या मैदानात गोल फिरवावे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. सरळ जाताना गप्प आणि वळताना कडकड, तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर पाहावेत. सरळ जाताना ते आपापसांत फिरत नाहीत. दोन्ही चाकांचा वेग वेगळा झाला की मगच फिरतात. मात्र त्याआधी डिफरन्शियल लॉक अडकून राहिलेले नाही ना, हे बघावे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची आणि गोदाकाठची काळी जमीन ओली असली की चाक रुतते आणि आपण लॉक लावतो. ते सरळ निघण्यापुरतेच असते. लॉक लावून वळणे म्हणजे आपल्या हाताने गिअर फोडणे.

पाचवी परीक्षा : खडूची खूण

मागच्या टायरवर खडूने ठळक रेघ मारावी. ट्रॅक्टर अगदी हळू चालवावा. दुसऱ्या माणसाने बाजूने, चाकापासून चार हात लांब राहून टक् टक् मोजावी. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच टक् होते, तर चाकाचे नट, एक्सल किंवा बुलगिअरचा दाता. एका फेऱ्यात चार-सहा वेळा होते, तर त्याच्या पुढचा शाफ्ट, कारण तो चाकापेक्षा जास्त वेगाने फिरतो. मोजता येणार नाही इतके भराभर होते, तर त्याहूनही पुढे, गिअर बॉक्समध्ये. ठरावीक अंतराने येणारी टक् ही बहुधा तुटलेल्या दात्याची असते. सारखी घरघर असेल तर ती बहुधा बेअरिंगची.

तेलात काय सापडते

तेल काढताना स्वच्छ भांड्यात काढावे आणि त्यात लोहचुंबक फिरवावे. बारीक काळसर लेप येणे ही रोजची झीज आहे, भिऊ नये. कपच्या किंवा तुकडे आले तर ट्रॅक्टर चालू करू नये. तुटलेला एक दाता फिरत फिरत शेजारच्या गिअरांत जातो आणि मग सगळी जोडी घेऊन जातो. पिवळे कण दिसले तर पितळी बुश झिजले आहे. एक्सलच्या टोकाला तेल गळत असेल तर तेलाचे सील बदलावे. ते तेल ब्रेकमध्ये गेले की ब्रेक धरत नाही.

जीप आणि मोटारगाडीवाल्यांसाठी

हीच रीत जीप, पिकअप, मोटारीला लागू आहे. दोन गोष्टी जास्तीच्या. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत लांब शाफ्ट असतो. निघताना किंवा रिव्हर्स टाकताना टण् होत असेल तर त्याचा क्रॉस जॉईंट हाताने हलवून पाहावा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या मोटारीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टक्-टक्-टक् होत असेल, तर चाकाकडच्या जॉईंटचे रबर फाटून ग्रीस गेले असे समजावे.

मिस्त्रीला काय सांगावे

"आवाज येतोय, बघा" एवढे सांगून ट्रॅक्टर सोडला तर मिस्त्री अंदाजाने उघडत जातो. त्याचाही नाइलाज असतो. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, गिअर बॉक्स उघडायचे ठरलेल्या ट्रॅक्टरवर आवाज फक्त पेडल दाबल्यावरच येत होता. गिअर बॉक्सला हात न लावता रिलीज बेअरिंग बदलून काम भागले. उलट, टक् टक् ऐकू येत असूनही "एवढा फड निघू द्या" म्हणून ओढलेला ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह रस्त्यात बसल्याचेही पाहिले आहे. मग ऊस दुसऱ्या गाडीत हाताने भरावा लागतो.

म्हणून एका कागदावर पाच ओळी लिहून मिस्त्रीच्या हाती द्याव्यात :

(१) क्लच दाबल्यावर आवाज येतो की जातो?
(२) कोणत्या गिअरमध्ये येतो? हायमध्ये, लोमध्ये की दोन्हीकडे?
(३) ओढ देताना, रेस सोडताना की दोन्ही वेळी?
(४) सरळ जाताना की वळताना? कोणत्या बाजूला?
(५) चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा? तेल किती आणि कसे आहे?

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, नारळ फोडतो. त्याच्या आठ दिवस आधी ड्रायव्हरला सोबत घेऊन या पाच परीक्षा कराव्यात. सारे मिळून दोन तासांचे काम आहे. तेव्हा सुटे भाग मिळतात, मिस्त्रीला सवड असते आणि फडात टोळी वाट पाहत नसते. हंगामात मात्र ड्रायव्हरने आवाजाची तक्रार केली तर त्याला "गप चालव" म्हणू नये. दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा तो असतो. त्याच्या कानाला जे कळते ते मालकाला कळायला उशीर लागतो. त्याचे ऐकले तर ट्रॅक्टर टिकेल, ऊस ताजा पोचेल आणि माणसे घरी सुखरूप येतील.

— ऊस विकास अधिकारी