झेरॉक्स आणि लिंक

२००६ साली मी हैदराबादच्या अमीरपेठेत जावा शिकले. तिथल्या मैत्रीवनम इमारतीच्या आजूबाजूला तेव्हा झेरॉक्सची दुकानं ओळीनं होती आणि सरांच्या नोट्स तिथूनच घ्यायच्या असत. माझ्या प्रतीवर मी काहीही खरडलं तरी सरांचा मूळ कागद तसाच राहायचा, शेजारच्या मुलीचाही. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर एवढी साधी गोष्ट मी विसरले.

काचीगुड्यात दर रविवारी मी नववी-दहावीच्या मुलांना पायथन शिकवते. गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, म्हणून मी तिथं एक नोटबुक केलं, प्रत्येकाच्या नावाचं शीर्षक टाकलं आणि 'लिंक असलेला कोणीही बदल करू शकेल' अशी परवानगी देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. सगळ्यांचं काम एका जागी तपासता येईल, हा माझा हिशेब. मुलं होती ३४.

तिसऱ्या रविवारी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, मेरा सब काँ गया?" तिच्या वडिलांचं टिफिन सेंटर आहे, रोजच्या इडली-डोशांचा हिशेब आणि उधारी मांडणारा प्रोग्राम ती लिहीत होती. कुणाच्या तरी हातून तिचा अख्खा भाग पुसला गेला होता. मुद्दाम नाही, स्वतःचं खोडताना जास्त निवडलं गेलं असणार. मी घाबरून तिला म्हटलं, पुन्हा लिही. ती काही न बोलता लिहायला बसली. फाइल मेन्यूत 'रिव्हिजन हिस्टरी' असते आणि तिथून जुनी आवृत्ती परत आणता येते, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर तिनं निम्मं काम पुन्हा केलं होतं. म्हणून सांगते, काही गेलं तर आधी तिथं बघा आणि लगेच बघा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या साध्या पायथन फाइलच्या जुन्या आवृत्त्या सहसा ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच टिकतात.

जुनी आवृत्ती उघडली तेव्हा दुसरी चूक दिसली, आणि ती मला जास्त लागली. उधारीच्या यादीत गिऱ्हाइकांची खरी नावं आणि मोबाइल नंबर होते. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते सगळं वाचता येत होतं. आता माझ्या वर्गात सरावाची नावं बनावटच असतात, आणि मुलांना त्याचं कारणही सांगते. तुमच्या फाइलमध्ये पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची गुप्त की राहिली असेल, तर नुसती खोडून भागत नाही. जी हिस्टरी हरवलेलं परत देते, तिच्यातच तीही राहते. की रद्द करून नवी घ्यावी.

मुलांना मूळ फाइल फक्त बघण्यापुरती द्या. मात्र इथं एक खड्डा आहे. कोलॅबमध्ये अशा फाइलवरही मुलाला टाइप करता येतं, कोड चालवता येतो. पण ते साठवलं जात नाही. टॅब बंद केला की तासाभराचं काम गेलं. म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी 'ड्राइव्हमध्ये प्रत साठवा' करायला लावा, फाइलला मुलाचं नाव द्यायला लावा आणि बाकांमधून फिरून प्रत्येक स्क्रीनवर ते नाव डोळ्यांनी बघा. यात दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. गूगल क्लासरूम वापरत असाल तर 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक प्रत' हा पर्याय असाइनमेंट पाठवण्यापूर्वीच निवडावा लागतो, नंतर तो मिळत नाही.

पेनड्राइव्हवर झिप देत असाल तर आधी ती पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करायला सांगा. विंडोजमध्ये मुलं झिपच्या आतूनच फाइल उघडतात आणि मग शेजारची डेटा फाइल प्रोग्रामला सापडत नाही.

आणि आपलं कामाचं फोल्डर उचलून कधी देऊ नका. मी देण्यासाठी वेगळं फोल्डर करते, उत्तरं त्यात ठेवत नाही, आणि लिंक पाठवण्याआधी शनिवारी रात्री ती माझ्या मुलाच्या खात्यावरून उघडून बघते.