प्रतिरूप आणि प्रतिमा

शास्त्रपाठ : उत्पत्ति १:२४-२८, स्तोत्रसंहिता १३९:१३-१६, नीतिसूत्रे १२:१०, यशया ४३:१.

भीमेच्या व घोडनदीच्या काठी ज्यांची शेते आहेत, त्या शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या बंधुभगिनींस ‘क्लोनिंग’ हा शब्द परका वाटेल; परंतु ती गोष्ट परकी नव्हे. उसाची लागण करिताना आपण दाणे पेरीत नाही, बेण्याची टिपरी पुरतो. तिच्या डोळ्यातून जो कोंब फुटतो तो मूळ उसाचे हुबेहूब प्रतिरूप होय. डाळिंबाच्या गुटी कलमाचेही तसेच. ज्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थही डहाळी असाच आहे. ही रीत निर्माणकर्त्याने वनस्पतीत स्वतःच घालून ठेविली आहे. म्हणून प्रतिरूप करणे हेच मुळी पाप, असे आम्हांस म्हणता येत नाही. प्रश्न असा की, उसाला जे चालते ते गाईला चालावे काय? आणि गाईला चालते ते मनुष्याला चालावे काय?

प्रथम, जे घडले ते नीट समजून घेऊ. पुणे-दौंड लोहमार्गावरील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापिली, व कृत्रिम रेतनाने संकरित गाई आपल्या गोठ्यांत आल्या. पुढे २०१८ साली दौंड तालुक्यातील राहू या गावी, उत्तम म्हशीचे बीजांड काढून, ते प्रयोगशाळेत फळवून व दुसऱ्या म्हशीच्या उदरात वाढवून रेडके जन्मास आली. हे क्लोनिंग नव्हे. कारण त्या रेडकांना आई आहे तसा बापही आहे. क्लोनिंगमध्ये बाप नसतो. एका जनावराच्या शरीरातील पेशीचे केंद्रक घेतात, दुसऱ्याच्या बीजांडातील केंद्रक काढून तेथे ते घालितात, आणि तिसऱ्याच्या गर्भाशयात तो गर्भ वाढवितात. स्कॉटलंडात ५ जुलै १९९६ रोजी डॉली नावाची मेंढी अशीच जन्मली. आपल्या देशात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये असे पहिले रेडकू जन्मले. ते थोड्याच दिवसांत मेले. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली. ती दोन वर्षांवर थोडेच जगली. २०१० साली दुसरी गरिमा झाली व तिला २०१३ साली नैसर्गिक रीतीने पारडू झाले. मार्च २०२३ मध्ये गंगा नावाची गीर कालवड तेथेच जन्मास आली.

आता शास्त्राच्या प्रकाशात तीन गोष्टी पाहू.

१. जनावराविषयी. देवाने मनुष्याला पशूंवर सत्ता दिली, ती कारभाऱ्याची सत्ता होय. धन्याला हिशेब द्यावयाचा आहे. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असा नीतिसूत्रांचा बोध आहे. डॉलीच्या वेळी २७७ बीजांडे सिद्ध केली, त्यांतून एकच कोकरू जगले. ज्या माद्यांचे गर्भ गळून जातात व जी वासरे अशक्त जन्मतात, त्यांचे दुःख हिशेबात धरिले पाहिजे. शिवाय, उसाच्या एकाच जातीने भरलेल्या शिवारात तिला न सोसणारा रोग शिरला म्हणजे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. सगळा गोठा एकाच गाईचा झाला तर तीच भीती तेथे आहे. म्हणून चांगल्या वाणाचे रक्षण व्हावे या हेतूने, दयेने व मर्यादेने केलेले काम आम्ही निषिद्ध मानीत नाही. केवळ लोभाने केलेले मानितो.

२. मनुष्याविषयी. येथे मात्र मर्यादा निराळी आहे. पशू आपापल्या जातीप्रमाणे झाले, मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणे झाला. जो प्रतिमा आहे त्याला दुसऱ्या कोणाची नक्कल म्हणून जन्मास घालणे हा त्याचा अपमान होय. मनुष्याचे असे प्रतिरूप जन्मल्याचा सिद्ध दाखला आजवर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००५ साली त्याविरुद्ध घोषणा केली, आणि आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनीही ते वर्ज्य केले आहे.

पण ज्या मातेचे लेकरू गेले, तिने विचारले की, माझे बाळ अशा रीतीने परत मिळेल काय, तर तिला काय सांगावे? तिला रागे भरू नये. खरे ते ममतेने सांगावे. एकसारखी दिसणारी जुळी भावंडे एका अर्थी एकमेकांची प्रतिरूपेच असतात. तरी त्यांची नावे दोन, मने दोन, आणि देवापुढील जबाब दोन. जन्मले तरी ते तिचे गेलेले बाळ नसेल; मागाहून जन्मलेले त्याचे जुळे भावंड असेल, आणि त्या बिचाऱ्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाचे ओझे वाहावे लागेल. देव प्रत्येकाला त्याच्याच नावाने हाक मारितो. गेलेल्या लेकराविषयी आपली आशा प्रयोगशाळेत नाही, पुनरुत्थानात आहे.

३. आपल्या घराविषयी. ही गोष्ट दूरची आहे असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. लेकरू आपल्या मागणीबरहुकूम व्हावे ही वासना आपल्या दारात केव्हाच आली आहे. कालवडच व्हावी म्हणून निवडलेले रेत आज गोठ्यात वापरितात, व कायदा त्यास हरकत घेत नाही. तीच निवड स्त्रीच्या उदरी केली तर गुन्हा होतो. महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली तसे कायदे केले. तरी मुलगी झाली म्हणून तोंड फिरविणारी घरे आहेत, आणि आमच्या मंडळ्यांत ती मुळीच नाहीत असे आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. लेकरू हे देणगी म्हणून घ्यावयाचे, मागणीचा माल म्हणून नव्हे. हा धडा ज्याने घरी गिरविला नाही, त्याने शास्त्रज्ञांस दोष देऊ नये.

शेवटी एक सूचना. मनुष्यांनी मर्यादा मोडली आणि उद्या असे एखादे बालक जन्मलेच, तर मंडळीने त्याला काय म्हणावे? ते पूर्ण मनुष्य होय. ख्रिस्त त्याच्यासाठीही मरण पावला. करणाऱ्यांचा दोष त्या बालकाच्या माथी मारू नये. त्याच्यासाठी उपासनामंदिराचे दार उघडे असावे.

विचारासाठी प्रश्न : (१) कारभारी व मालक यांत भेद काय? तो आपल्या गोठ्यात कसा दिसावा? (२) कालवड निवडणे व मूल निवडणे यांत शास्त्राप्रमाणे अंतर कोणते? (३) लेकरू गमावलेल्या कुटुंबाचे सांत्वन आपली मंडळी कसे करिते?