कुमारवयातील स्थूलता : एक विचारणीय जमाखर्च

अंगाने भरलेला मुलगा म्हणजे खात्यापित्या घरचे लक्षण, अशी समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उपासमारीच्या काळात ती स्वाभाविकही होती. आज मात्र आकडे निराळेच सांगतात. ५ ते १९ वर्षे वयाची स्थूल मुलेमुली भारतात १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासात आढळते. त्यांत मुलगे सुमारे ७३ लाख व मुली ५२ लाख आहेत.

याचे कारण आपल्या परिचयाच्या हिशेबी भाषेत सांगता येईल. अन्नातून मिळणारी शक्ती ही जमा. शरीराची वाढ, नित्य व्यवहार आणि श्रम हा खर्च. उरलेली शिल्लक मेदरूपाने साठते. वाहन, शिकवणी आणि मोबाईल यांनी खर्चाची बाजू आटली. गोड पेये, वेफर्स व बिस्किटे यांनी जमेची बाजू फुगली. ३०० मिलिलिटर कोला पेयातच साधारण ३० ग्रॅम साखर असते. या शिलकीचे व्याज पुढे मधुमेह, रक्तदाब व यकृतातील मेद या रूपाने भरावे लागते.

आपण शाकाहारी आहोत, एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. मैदा, साखर व तळलेले फरसाण हेही शाकाहारीच आहे. सहा बाह्य तपांत अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, सांगितले आहे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियमही आपलाच; पण दुकान बंद होईपर्यंत जेवण लांबते आणि मुलेही तीच सवय उचलतात. तथापि वाढत्या वयावर कडक उपवास लादू नयेत, टोमणेही मारू नयेत. घरातील सर्वांचेच ताट बदलावे आणि मुलांना रोज तासभर मैदानावर खेळू द्यावे, हे उत्तम.

शेवटी व्यापारी म्हणून एक गोष्ट. अतिरिक्त मेद, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. तो आपण केवळ दंडाच्या भयाने पाळू नये. जे आपल्या मुलाच्या हाती देताना मन कचरते, ते दुसऱ्याच्या मुलास विकून आलेला नफा कोणत्या खाती मांडावा, याचा विचार आम्हां सर्वांनीच करावयास हवा.